कुसाबाईच्या नावामागची मोकळी जागा

गावात प्रोग्रामर एकच, तो म्हणजे जीवन. त्यामुळे सर्वांत हुशार प्रोग्रामर कोण, हा प्रश्न त्याच्या मते निकाली निघालेला होता. नाशिकच्या कंपनीत काम करता करता त्याने गावासाठी अ‍ॅप केलं. झेंडू बाजारात न्यायचा असला की मोबाइलवर यादीतलं आपलं नाव टाकायचं. कुंदन टेम्पो घेऊन बांधावर हजर. पूर्वी कुंदन हॉर्न वाजवत सगळीकडे फिरायचा. जीवनला ते फार मागासलेलं वाटे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आईचा, कुसाबाईचा फोन आला. "तुझं अ‍ॅप माझं नाव यादीत नाय म्हणतंय रे."

"नीट टाइप कर, आई. मशीन चुकत नाही," असं ऐटीत सांगून जीवनने फोन ठेवला.

कुंदनने अ‍ॅपचं ऐकलं आणि टेम्पो कुसाबाईला सोडून गेला. कळल्यावर जीवन धावत गावी आला, तर आई क्रेटांशेजारी बसलेली. दसरा सरला की या झेंडूला कोण विचारतो? त्याने तिला पुन्हा नाव टाकायला लावलं. तिने दोन अक्षरं टाइप केली आणि वर आलेल्या शब्दावर बोट ठेवलं. ही युक्ती जीवननेच शिकवलेली. शब्द उमटला आणि कीबोर्डने आपणहून त्यामागे एक स्पेस टाकली. ती कुणाला दिसत नाही, पण जीवनच्या प्रोग्रामच्या लेखी कुसाबाई आणि मागे स्पेस असलेली कुसाबाई या दोन निराळ्या बायका होत्या. कडेच्या स्पेस आधी काढून टाकायच्या, हे पहिल्या वर्षाची पोरंही करतात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

शेजाऱ्याच्या रिक्षात क्रेट कोंबून दोघं पंचवटीच्या बाजारात पोचली. गावच्या ठमाबाईने विचारलंच, "आज उशीर गं?"

"माझंच बोट चुकलं," कुसाबाई म्हणाली. "पोरगा सांगून थकला."

जीवनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तोंड उघडणार तोच आईने त्याचा हात दाबला. "गप रे," ती हळूच म्हणाली. "उद्या तुझ्या अ‍ॅपवर कोन नाव टाकंल मग?"

पण त्याला राहवलं नाही. "आईचं बरोबर होतं, काकू. चूक माझी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

कुसाबाई चिडली. लेकाची अब्रू तिने नुकतीच कशीबशी वाचवली होती, आणि ती गाढवाने भर बाजारात घालवली.