नाव न घेता

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं माझा नवरा म्हणतो. मी या सवयीला 'प्रार्थनेचं ओझं' म्हणते. ओझं एकमेकांत वाटून घ्यावं, असं आम्हां चर्चच्या मंडळीतल्या लोकांना लहानपणापासून शिकवलेलं असतं, आणि वाटण्यात मी कधीच मागे नव्हते.

धुळ्यापासून बोदवडपर्यंतच्या सात लहान मंडळ्यांनी मिळून आपल्या तरुण मुलांसाठी एक काम सुरू केलंय. मी पेशानं शिक्षिका, म्हणून मुलांना तयार करायचं माझ्याकडे आलं. माइक कसा धरायचा, दहा जणांचा गट कसा सांभाळायचा, लाजणाऱ्याला बोलतं कसं करायचं, हे महिन्यातल्या एका शनिवारी धुळ्यात देवपूरच्या आमच्या मंडळीच्या हॉलमध्ये शिकवायचं. मग ही मुलं शाळांमध्ये जाऊन परीक्षेची भीती, मोबाइल, व्यसनं यांवर तासभराचा कार्यक्रम करतात. एक नाटुकलं, दोन गाणी, बाकी गप्पा. शाळेत धर्माचा विषय काढायचा नाही, ही मुख्याध्यापकांची अट असते आणि आम्ही ती पाळतो. कुणी विचारलंच तर मुलं सांगतात, आम्ही चर्चची पोरं. एवढंच.

त्यांत एक अकरावीतली मुलगी होती. पहिल्या शनिवारी तिनं स्वतःचं नावसुद्धा चपलांकडे बघून सांगितलं होतं. वर्षभरात तीच चाळीसगावच्या एका शाळेत वर्गभर पोरांना व्यसनाबद्दल असं काही सांगत होती की मागच्या बाकावरचे टारगटही गप्प बसले. मी दाराशी उभी राहून मिरवत होते. जणू मीच घडवली.

तिचे वडील रविवारच्या उपासनेत पेटी वाजवायचे. एके काळी फार प्यायचे. दारू सुटली, तेव्हा चर्चच्या पाळकसाहेबांनी पेटी त्यांच्या हवाली केली. सगळ्यांच्या आधी येऊन ते पेटीवरचं कापड काढायचे, पट्ट्या पुसायचे, आणि शेवटी पुन्हा कापड घालून निघायचे. त्या पेटीवर त्यांची इज्जत होती, हे सगळ्या देवपूरला माहीत होतं.

चाळीसगावच्या त्या कार्यक्रमानंतर आम्ही एसटी स्टँडवर बसलो होतो. बाकीची पोरं रसाच्या गाडीवर. ती म्हणाली, "टीचर, पप्पा परत प्यायला लागलेत. गाडीच्या डिकीत बाटली सापडली मला. आईला माहीत नाही."

मी काही बोलायच्या आत तिनं माझा हात धरला. "कुणाला सांगू नका. मला आधी त्यांच्याशी बोलायचंय. माझं ऐकतील ते. फक्त थोडे दिवस."

"नाही गं सांगत," मी म्हणाले. खोटं बोलत नव्हते. त्या क्षणी मला तसंच वाटत होतं.

बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, आणि मी फोन काढला. सातही मंडळ्यांचा प्रार्थनेचा ग्रुप आहे. मी लिहिलं, 'नाव न घेता एक विनंती. देवपूरच्या एका मुलीचे वडील पुन्हा व्यसनात पडले आहेत. मुलगी आपल्या शाळेच्या कामात पुढे आहे. कळकळीनं प्रार्थना करावी.' धुळं येईपर्यंत जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मला फार बरं वाटलं. आता खरं सांगायचं तर त्या विनंतीत त्या मुलीपेक्षा मीच जास्त होते: बघा, मुलं माझ्याजवळ किती मन मोकळं करतात! आणि नाव घेतलं नाही म्हणून मी स्वतःलाच शाबासकी दिली. देवपूरहून शाळांमध्ये जाणारी मुलगी एकच होती, हे काय मला माहीत नव्हतं?

रविवारी चाळीसगावच्या एक अक्का नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी आमच्याकडे आल्या होत्या. उपासना सुटल्यावर त्यांनी मुलीला जवळ ओढलं, गालांवरून हात फिरवला आणि भरल्या डोळ्यांनी अहिराणीत म्हणाल्या, "घाबरू नको माय, देव शे. तुना बापसाठे आम्ही बठ्ठा प्रार्थना करी राह्यनूत."

तिचे वडील चार पावलांवर पेटीवर कापड घालत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे नाही, लेकीकडे बघितलं. मग कापडाची टोकं नीट केली आणि गेले. पुन्हा उपासनेला आले नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले. ते दारातच उभं राहून म्हणाले, "टीचर, बसा." मी बसले नाही. चूक माझी आहे, ग्रुपवर मीच टाकलं, असं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

'येते' म्हणून मी निघाले.

मुलीची मी माफी मागितली. "क्षमा केली, टीचर," ती लगेच म्हणाली, अगदी आम्ही संडे स्कूलमध्ये शिकवतो तशी. वडील घरात तिच्याशी बोलत नाहीत, हे मला तिच्या आईकडून कळलं. तिनं मागितलेले ते थोडे दिवस मी वापरून टाकले होते. आता ती मला बसची वेळ सांगते, गाण्याची पट्टी विचारते. घरचं काही सांगत नाही.

गेल्या शनिवारी नवीन मुलं आली होती. 'ऐकणं' हा धडा दर वेळी मी घेते. या वेळी ती म्हणाली, "मी घेऊ?" फळ्यावर मुद्दे लिहायला मी उभी राहिले. तिनं सांगितलं, शाळेत कुणी विश्वासानं काही सांगितलं तर ते आपल्यापाशीच ठेवायचं. जिवावरचं असेल तरच मोठ्यांना सांगायचं, आणि तेही ज्याचं त्याला सांगून.

आठवीतल्या एका चुणचुणीत पोरीनं हात वर केला. "पण ताई, प्रार्थनेसाठी सांगितलं तर चालतं ना? नाव न घेता?"

हॉलमध्ये कापड घातलेली पेटी कोपऱ्यात होती. मी खडू हातात धरून फळ्याकडेच बघत राहिले.

"नाही," ती म्हणाली. "प्रार्थनेसाठीसुद्धा नाही. आधी त्याला विचारायचं." मग आवाज जराही न चढवता म्हणाली, "टीचर, हे लिहा ना."

मी लिहिलं.