हिरवा स्वेटर

भोकरदनात कुणाचा स्वेटर विटला की तो आमच्या शेजारच्या गोजरबाईकडे जायचा. ती तो उसवायची, लोकर पाटाला गुंडाळून भिजवायची, सावलीत वाळवायची आणि मंग त्याच लोकरीचा नवा स्वेटर विणायची. सगळी गल्ली तिचं कौतुक करायची. माझ्या मात्र पोटात दुखायचं. सुया काय मला धरता येत न्हाईत?

नव्वद सालच्या थंडीत आमच्या ह्यांचा हिरवा स्वेटर मी हट्टानं घरीच उसवला. लग्नानंतर मीच विणलेला होता तो. लोकर निघाली कुरडईसारखी वाकडी. ती भिजवून सरळ करावी लागते, हे गोजरबाईच्या दारात मी रोज बघत होते. पण तिची नक्कल करायची? मी? तशीच विणली. स्वेटर झाला झकास. पहिल्या धुण्यात लोकर सैल पडली आणि स्वेटर ह्यांच्या गुडघ्याला टेकला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बघते तर तोच हिरवा रंग, ह्यांच्या अंगाला बराबर बसलेला!

"गोजरबाईनं करून दिला," म्हणाले.

"आन् तुमचं माप कधी घेतलं तिनं?" मी कडाडले.

"माप कशाला? माझा सदरा दोरीवर रोज तिच्या डोळ्यांसमोरच वाळतो की."

दुसऱ्या दिवसापासून सदरा मी घरात वाळवते. स्वेटर मात्र ऊन तापलं तरी हे अंगातून काढून न्हाई राह्यले.