जुन्याच भोकांतून

माझा थोरला भाऊ बाइंडर. मीही बाइंडर. त्याचं दुकान रस्त्याच्या त्या बाजूला, माझं बरोबर समोर. गेली वीस वर्षं त्या दुकानाकडे बघून माझ्या पोटात दुखतं.

माझ्याकडे मशीन आहे. पुस्तकाची पाठ कापायची, गरम गोंद लावायचा, पाच मिनिटांत काम फत्ते. दादा अजून सुई-दोऱ्याने शिवतो. तेही कसं, तर जुनं पुस्तक उसवलं की आधीचा दोरा ज्या भोकांतून गेला होता, त्याच भोकांतून नवा घालायचा. नवीन भोक पाडायचं नाही म्हणजे नाही. "कागदाने एकदा सोसलंय, परत कशाला टोचायचं?" म्हणतो.

मी त्याला चारचौघांत मुद्दाम 'पुराणमतवादी' म्हणायला लागलो. शब्द वजनदार, जिव्हारी लागेल असं वाटलं होतं. झालं भलतंच. मोबाइल न घेणाऱ्या नवऱ्यासाठी वहिनी तोच शब्द लाडाने वापरू लागली. वाचनालयाच्या बाई तर म्हणाल्या, "असा पुराणमतवादी माणूस शोधून सापडायचा नाही," आणि जुन्या नकाशांचे गठ्ठे माझ्या दारावरून त्याच्याकडे घेऊन गेल्या. शिवी माझी आणि मानमरातब त्याला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यात माझी लेक. शिक्षण संपल्यावर म्हणाली, "बाबा, मला दुकानात काम करायचंय."

"आपल्या घरातल्या मुली दुकानात बसत नाहीत," मी म्हटलं. "तुझ्या आजोबांपासून हे असंच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रस्ता ओलांडून काकाकडे गेली. ज्याला मी जुनाट ठरवलं, त्याने काहीएक न विचारता तिच्यासाठी स्टूल सरकवलं. आणि मशीनवाला मी आजोबांची साक्ष काढत बसलो होतो. हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच जास्त चरफडलो.

आठवडाभर काचेतून बघत राहिलो. काल मात्र राहवेना. तिला घरी घेऊन यायचंच, असं ठरवून तिथे गेलो. ती एक नकाशांचं पुस्तक शिवत होती. प्रत्येक टाक्यानंतर मान वर करून विचारायची, "काका, बरोबर?" लहानपणी गणितं सोडवताना ती अशीच माझ्याकडे बघायची. दादाचा इतका हेवा मला कधी वाटला नव्हता.

"मला काय विचारतेस? बापाला विचार," दादा म्हणाला. "आम्ही दोघं एकाच वेळी शिकलो, पण टाका याचाच सरळ यायचा. मी जाम जळायचो याच्यावर."

लेकीने सुई माझ्यापुढे धरली. "दाखवा ना, बाबा."

वीस वर्षांत मी सुईला हात लावला नव्हता. टाका वाकडा आला तर?

"दुकान उघडं टाकून आलोय," म्हणालो आणि तडक निघालो.

रस्ता ओलांडून दारापाशी आलो. खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं. ती समोरून बघत होती.