चार मिनिटांचा निरोप

कॅमेरेवाल्याने वीस वर्षं लग्नांचे व्हिडिओ काढले आणि वीस वर्षं पाहुण्यांवर दात खाल्ले. ऐन मोक्याला कुणी पाठ फिरवायचं, कुणी शिंकायचं. म्हणून व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा त्याला आकाश ठेंगणं झालं. इथली माणसं तो सांगेल तशी रडणार होती.

त्याने जीव ओतून एक प्रसंग केला. लांबच्या गावी निघालेला मुलगा आईचा निरोप घेतो. चार मिनिटं, तिरपं ऊन, दाराच्या चौकटीला धरून उभी असलेली आई. खेळणाऱ्याने तेवढा वेळ रिमोट मांडीवर ठेवून डोळे पुसायचे, एवढंच काम.

कंपनीची एक रीत होती. नवा भाग बाहेरच्या बारा जणांना खेळायला द्यायचा आणि ज्याने तो केला त्याने काचेमागे तोंड शिवून बसायचं. आईने बोलायला तोंड उघडताच अकरा जणांनी 'पुढे चला'चं बटण दाबलं. बाराव्याला डुलकी लागली होती. कंपनीच्या मुख्य बाईंनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली; लोक थांबले तर ठीक, नाहीतर अख्ख्या प्रसंगाला कात्री.

घरी त्याने वडिलांना खेळायला बसवलं. त्यांची हयात बस चालवण्यात गेलेली. निरोप सुरू झाला तसे ते चालायची बटणं बडवू लागले आणि काहीच हलेना तेव्हा भडकले. "स्टिअरिंग माझ्या हातात देतोस आणि वळण आलं की काढून घेतोस. मग मी काय इथे शोभेला बसलोय?"

कॅमेरेवाला दोन दिवस फुगून बसला. मग मनावर दगड ठेवून त्याने प्रसंग मोडला. ऊन ठेवलं, आई ठेवली, पण मुलाचं चालणं खेळणाऱ्याच्या हाती दिलं. मनात येईल तेव्हा निघा.

गुरुवारी संध्याकाळी वडील पुन्हा बसले. आधी त्यांनी मुलाला खाटेवर चढवलं, मग भिंतीला नाक लावून उभं केलं. तिरपं ऊन पाठीमागे फुकट गेलं. कॅमेरेवाल्याने ओठांवर आलेले शब्द गिळले. शेवटी आई म्हणाली, "जाऊन ये." मुलगा फाटकापर्यंत गेला आणि परत फिरला. पुन्हा गेला, पुन्हा फिरला. असं सात वेळा झाल्यावर कॅमेरेवाल्याला राहवेना. काय अडलंय, त्याने विचारलं.

"ती अजून दारात उभी आहे," वडील म्हणाले. "ती आत गेली की निघतो."

आईचं आत जाणं त्याने केलंच नव्हतं. त्याच्या चार मिनिटांत त्याची गरजच पडली नव्हती. चाचरत त्याने तसं सांगितलं.

वडिलांची नजर पडद्यावरून हलली नाही. "तुझी आई अशीच उभी राहायची, चौकटीला धरून. तीस वर्षांत मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. गाडीची वेळ झालेली असायची." त्यांनी खेळातल्या मुलाला पुन्हा दारापाशी नेलं. कॅमेरेवाला उगाच पाणी प्यायला उठला.

शुक्रवारी काचेपलीकडच्या बारा जणांपैकी एकानेही पुढे जायचं बटण शोधलं नाही. बाईंनी वही उघडून विचारलं, प्रसंग आता किती मिनिटांचा लिहू?

"सांगता येत नाही," तो म्हणाला. "आमचे वडील अजून निघालेले नाहीत."