नानांचं उत्पन्न

अजूनही जून लागला की मला उत्पन्नाचा दाखला आठवतो. औरंगाबादला कॉलेजात होते तेव्हा मला ईबीसीची सवलत होती. घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असलं की फी सरकार भरायचं. अटी दोनच. दरसाल तहसीलचा नवा दाखला आणायचा आणि नापास व्हायचं नाही. अभ्यासाला मी कधी भ्याले नाही. दाखला मात्र वडिलांच्या हातात. आणि आमच्या वडिलांना, नानांना, स्वतःला गरीब म्हणवून घेणं ठाऊकच नव्हतं.

आमचं गाव गंगापूर तालुक्यातलं. कागदावर जमीन भरपूर, पण निम्मा माळ, अन् विहिरीला पाणी दिवाळीपुरतं. तरी नानांचा रुबाब कायम. आई म्हणायची, घरात नाही दाणा अन् मला बाजीराव म्हणा. नाना हसायचे. मीही हसायचे, काय मजेचे दिवस होते ते!

दुसऱ्या वर्षी गावाकडून आलेला दाखला मी तसाच कॉलेजच्या ऑफिसात नेला. क्लार्कनं तो वाचला अन् विचारलं, एका वर्षात उत्पन्न दुप्पट झालं, पेढे कुठायत? मला वाटलं थट्टा करतोय. कागद बघितला तर खरंच, आकडा मर्यादेच्या पार वर. चार दिवसांत दुसरा दाखला आणा, तो म्हणाला, नाहीतर फी भरा, नाहीतर नाव कमी. फी भरण्यासारखं घरात काही नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. एसटीत गावापर्यंत मी तलाठ्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

चूक तलाठ्याची नव्हती. आईनं सांगितलं, तो चौकशीला आला त्याच वेळी ताईला बघायला पाहुणे आलेले. ओसरीवर चहा चाललेला. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, उत्पन्न किती लिहू? होणाऱ्या व्याह्यांच्या देखत नानांनी तो आकडा ठोकून दिला. जरा विचार करून सांगा, असं तलाठी दोनदा म्हणाला. नानांनी त्याच्यासाठी आणखी एक चहा मागवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस वर्षांची होते, जिभेला हाड नव्हतं.

"त्या पाहुण्यांनाच सांगा आता माझी फी भरायला," मी नानांना म्हणाले.

असं मी त्यांना कधीच बोलले नव्हते. त्या दिवशी नाना जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गंगापूरचा बाजार होता, त्यामुळं तहसीलच्या आवारात निम्मा तालुका. बाहेर बसलेल्या अर्जनवीसानं स्टॅम्पपेपरवर खऱ्या उत्पन्नाचं शपथपत्र लिहून दिलं. ते घेऊन नाना अन् मी आत गेलो, तर बाकावर ताईचे होणारे सासरे! जमिनीच्या कसल्याशा फेरफारासाठी आले होते. मी नानांना हळूच म्हणाले, थांबू या, ते गेले की बघू. खरं सांगते, त्या घडीला मला ना फी हवी होती ना कॉलेज. नानांना तिथून घरी घेऊन जावं, एवढंच वाटत होतं.

नाना थांबले नाहीत. कारकुनानं कागद वाचला अन् विचारलं, मग आधी एवढं का सांगितलं होतं?

"खोटं बोललो," नाना म्हणाले. "पाहुणे बसले होते. पोरीची फी भरायची ऐपत नाय माझी."

आवाज चढा नव्हता, पण बाकावर सगळ्यांना ऐकू गेला. व्याही उठून जवळ आले, राम राम केला, पावसापाण्याचं विचारलं अन् निघून गेले. सोयरीक मोडली नाही. उलट देण्याघेण्याची यादी त्यांनी आपणहून निम्मी केली. खरं बोलायची सवय आधीच लावली असती तर आणखी स्वस्तात पडलं असतं, असं आई पुढं कितीतरी वर्षं नानांना चिडवायची.

त्या दिवशी मात्र स्टँडवर बसची वाट बघताना नाना माझ्याकडं न बघता म्हणाले, "आता नापास होऊ नको. मला लई जड गेलं."

मला रडू आवरेना. मी नुसती मान हलवली.

पास झाले. पुढच्या जूनला मी दाखल्याचा विषय कसा काढावा याच विचारात होते. नाना सकाळीच उठून एकटे गंगापूरला गेले. संध्याकाळी आले आणि कागद माझ्या हातात दिला.

"वाचून घे," म्हणाले. "खरा हाय."