लाभपाचमीचं कोरं फोल्डर

कुणी नवी फाइल काही न बघता सरळ ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये टाकली की आजही माझं डोकं फिरतं. घरातली पोरं हसतात, आईला वेड लागलंय म्हणतात. म्हणू देत. माझं जे गेलं ते त्याच फोल्डरमधून गेलं.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. आम्ही सुरतेत नवागामला राहायचो. वडील लूमवर, आई घरी साड्यांना फॉल लावायची. मी बारावीनंतर कॉम्प्युटरचा क्लास केला आणि बमरोलीकडच्या एका साडी प्रिंटिंगच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागले. मूळ खानदेशातल्या आमच्या अख्ख्या गल्लीत कॉम्प्युटरसमोर बसणारी मी पहिली. आई शेजारणींना सांगायची, पोरगी एसीत बसते. एसी होता, पण तो कॉम्प्युटरसाठी होता. मशीन तापायला नको म्हणून. माणसांचं कोण बघतंय!

माझं काम असं. बाहेरून विकत आणलेलं डिझाइन कागदावर यायचं. ते मी स्कॅन करायचे आणि त्याचे रंग वेगळे करायचे. लाल एकीकडे, हिरवा एकीकडे, काळी रेघ एकीकडे. प्रत्येक रंगाची छपाईची जाळी वेगळी बनते, म्हणून. दिवसभर दुसऱ्याच्या फुलांची चिरफाड. स्वतःचं एक पान काढायची मुभा नाही. काढणाऱ्याचं टेबल वेगळं होतं, खिडकीजवळ, आणि ते रिकामं होतं, कारण आमचा डिझाइनर भांडून निघून गेला होता. त्या टेबलावर माझा डोळा होता. अगदी उघड सांगते, मला ते टेबल हवंच होतं.

एक दिवस हिय्या करून शेठना विचारलं. शेठ तसे गोड बोलणारे. मला ‘बेन’ म्हणायचे, चहा विचारायचे. म्हणाले, “बेन, जेवणाच्या सुट्टीत तू तुझ्या डिझाइन बनाव. दिवाळीनंतर लाभपाचमीला मुहूर्त करू तेव्हा बघू. सारी निघाली तर टेबल तुझं.” सारी म्हणजे चांगली. मी हवेत. त्या दिवसापासून डबा दहा मिनिटांत उरकायचा आणि माउस धरायचा. नवरात्र आली, गेली. बाकीच्या पोरी गरब्याच्या गप्पा मारत बसायच्या, मी किनारी काढत बसायचे.

आता प्रश्न होता, हे ठेवायचं कुठे. फ्लॉपीवर मावत नव्हतं, आणि फ्लॉपी घेऊन गेटबाहेर पडायची सोय नव्हती. सुरतेत डिझाइन चोरीला जायला वेळ लागत नाही, म्हणून वॉचमन पोरींच्या पर्ससुद्धा उघडून बघायचा. रंगीत प्रिंटरला कुलूप. म्हणजे काय ते त्या एका मशीनच्या पोटात. आणि ते मशीन वापरणारे आम्ही तिघं. मी, दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर आणि शेठचा मुलगा, ज्याला सगळे छोटे शेठ म्हणायचे. पार्ट्यांची, म्हणजे गिऱ्हाईक व्यापाऱ्यांची, कामं डी ड्राइव्हवर, प्रत्येक पार्टीच्या नावाने. बाकी सगळं, म्हणजे छोटे शेठची गाणी, नट्यांचे फोटो, कुणाच्या तरी लग्नाची कंकोत्री म्हणजे पत्रिका, हे ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये. नावात ‘माझे’ आणि आत साऱ्या गावाचा पसारा! विंडोज आपली कुठलीही फाइल तिथेच नेऊन टाकायची, आणि कुणी विचारत नव्हतं का.

त्यातली मेख अशी की ते फोल्डर असतं सी ड्राइव्हवर. आणि आमच्याकडे जो कॉम्प्युटर दुरुस्तीवाला यायचा त्याला एकच औषध ठाऊक होतं. मशीन अडलं की सी फॉरमॅट, म्हणजे सीवरचं सगळं पुसून साफ. व्हायरस आला, सी फॉरमॅट. प्रिंटर चालेना, सी फॉरमॅट. उद्या लाइट गेली तरी यानं तेच केलं असतं. क्लासमध्ये आम्हाला शिकवलं होतं की या फोल्डरची जागा बदलता येते. मी चिन्हावर उजवं बटण दाबलं, आतल्या टार्गेटच्या रकान्यात डी ड्राइव्हचा पत्ता घातला, सगळा पसारा तिकडे हलवला. मग आत खोल्या पाडल्या. गाण्यांची एक, फोटोंची एक, कंकोत्र्यांची एक. आणि एक माझी. बाहेरून काही कळायचं नाही. डेस्कटॉपवर तेच पिवळं चिन्ह, तिथल्या तिथे. नीट काम केलं होतं मी. आज कुणी मला पुन्हा बसवलं तरी तेच करीन.

दुरुस्तीवाला नंतर दोनदा येऊन सी पुसून गेला. दोन्ही वेळा मी टार्गेट परत डीवर लावलं आणि माझी फुलं जशीच्या तशी समोर आली. छोटे शेठही खूश, त्यांची गाणी वाचली. मला म्हणाले, “बेन, तू तो एक्स्पर्ट थई गई.” मी दिवाळीपर्यंत मनासारख्या बारा साड्या बनवल्या. पदर, किनार, बुट्टी, सगळं. कुणाला दाखवल्या नाहीत. थेट लाभपाचमीलाच दाखवायच्या, असं ठरवलेलं.

दिवाळीला कारखाना बंद, आम्ही गावी गेलो. सुरतेतला खानदेशी माणूस दिवाळीला सुरतेत थांबत नाही. आणि गुजराती शेठ दिवाळीला काय करतो, तर चोपडापूजन. नव्या वर्षाच्या कोऱ्या वह्यांची पूजा करायची, कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढायचा, ‘शुभ लाभ’ लिहायचं, आणि लाभपाचमीला त्या कोऱ्या वहीत पहिली ओळ लिहून धंदा उघडायचा. हे मला माहीत होतं. कॉम्प्युटरलाही कुंकू लावतात हेही माहीत होतं, आदल्या वर्षी मीच मॉनिटरवरचे तांदूळ पुसले होते.

लाभपाचमीला सकाळी मी नवा ड्रेस घालून कामावर गेले. मॉनिटरवर साथिया, कीबोर्डवर झेंडूच्या पाकळ्या. शेठनी हातावर पेढा ठेवला. मी मशीन चालू केलं, पिवळ्या चिन्हावर क्लिक केलं. आत काही नाही. टार्गेट हललं असेल म्हणून बघितलं. टार्गेट बरोबर होतं, डीवर. पार्ट्यांची फोल्डरं जागच्या जागी. फक्त हे एक साफ. रिसायकल बिन उघडली, तीही चाटून पुसून लख्ख.

“छोटे शेठ, हे कुणी केलं?”

छोटे शेठ हसत म्हणाले, “पूजा हती ने! पप्पा म्हणाले, नवा चोपडा कोरा पाहिजे. आता आपला चोपडा तर हा कॉम्प्युटरच ना? म्हणून डेस्कटॉपवरचं सगळं खाली करून टाकलं. पार्टीचं काम नाही काढलं हां, ते डीमध्ये आहे.”

माझंही डीमध्येच होतं, हे त्या माणसाला मी कसं सांगणार! त्याची गाणी आधीच सीडीवर गेली होती. पूजा आटोपल्यावर त्यानं भेटकार्डांच्या दोन सीड्या डीवर, त्या पुसलेल्या जागेवरच, भरल्या होत्या, त्यामुळे परत मिळायची उरलीसुरली आशाही गेली. दुरुस्तीवाल्याला मी स्वतः फोन करून बोलावलं. त्यानं बघितलं, मान हलवली आणि मलाच म्हणाला, “सीमध्ये असतं तरी मी फॉरमॅट मारलाच असता.” दिलासा देत होता मेला!

शेठसमोर उभी राहिले. माझ्या डिझाइन गेल्या, म्हटलं. शेठ म्हणाले, “अरे रे. पण बेन, दाखवायला काही नसेल तर मी बघू काय?” एवढंच. आणि माझ्यासमोर स्कॅन करायचा नवा कागद सरकवला. तळपायाची आग मस्तकात गेली होती, तरी मी तो कागद घेतला आणि मशीनवर ठेवला. घरी लूमवाला बाप आणि दोन लहान भावंडं असली की माणूस कागद घेतो.

संध्याकाळी घरी येऊन रडले. वडिलांना फोल्डर काय, ड्राइव्ह काय, काही समजलं नाही. लूमच्या खडखडाटानं त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून आईनं मोठ्यानं सांगितलं, पोरीची चित्रं गेली. वडील म्हणाले, “मंग परत काढ ना वं. हात तं तुनाच शे.”

हात माझाच होता, मी परत काढायला बसले. तोच डबा, तीच सुट्टी. पण एकदा मनासारखी आलेली रेघ दुसऱ्यांदा तशी येत नाही. मी आठवून आठवून काढायचे, आणि आठवून काढलेलं फूल मेलेलं निघायचं. काही जमली, काही सोडून दिली. होळी होऊन गेल्यावर आठ डिझाइन घेऊन शेठना मशीनपाशी बोलावलं.

शेठ खुर्चीत बसले. एकेक बघितलं. आठवं झाल्यावरही ते पुढचं येईल म्हणून थांबले.

“बस? पेली पीळां फूलवाळी वेल क्यां छे?”

पिवळ्या फुलांचा वेल. आमच्या चाळीच्या पत्र्यावर चढलेला गिलक्याचा वेल होता तो. पदरभर पसरलेला. पहिल्या बारांतला सगळ्यात चांगला, आणि दुसऱ्यांदा काही केल्या न जमलेला. तो मी कुणाला, अगदी कुणालाच दाखवला नव्हता.

“तुम्ही कधी बघितलात?” मी विचारलं.

“पूजनाच्या दिवशी,” शेठ शांतपणे म्हणाले. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. “छोटूनं सगळं एकेक खोलून दाखवलं ना. फार सारी हती बेन, बाराच्या बारा. मी तेव्हाच बोललो, आ छोकरीना हाथमां कला छे. पण काय करणार, चोपडा कोराच ठेवावा लागतो.”



शेठनी पुन्हा एकदा स्क्रीनकडे पाहिलं, मान हलवली आणि उठले. “यामध्ये ती मजा नाही,” ते म्हणाले. टेबल पुढच्याच महिन्यात बाहेरून आणलेल्या एका माणसाला मिळालं, आणि त्यानं काढलेल्या फुलांचे रंग मी पुढे चार वर्षं वेगळे करत बसले.