शेवटचा पाना माझा

दीड वर्षात माझ्या गाडीचे पुढचे बुश तीनदा गेले. बुश म्हणजे काही फार मोठी वस्तू नव्हे. चाक धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, गॅरेजवाले त्याला लोअर आर्म म्हणतात. तो गाडीच्या सांगाड्याला जिथं जोडतात तिथं एक जाड रबरी कडं बसवलेलं असतं, तो बुश. मुठीत मावेल एवढा. पण तो गेला की खड्ड्याखड्ड्याला गाडी खडखडते, स्टिअरिंग हातात थरथरतं आणि शेजारी बसलेली बायको म्हणते, "आपण एसटीनंच जात जाऊ आता." या मूठभर रबरापायी मी माझ्या एकुलत्या एका जुन्या दोस्ताला चारचौघांत लबाड ठरवलं आणि त्याचं चालतं गॅरेज बसायला आलं. हे सांगायचाही आता कंटाळा येतो, पण न सांगून झोप तरी कुठं लागते.

मी मूळचा साताऱ्याकडचा, उसाच्या गावचा. आमच्यात घरटी एक माणूस फौजेत असतो, तसा मीही गेलो, ड्रायव्हर म्हणून. सुटून आल्यावर पोरींच्या कॉलेजसाठी सांगलीत विश्रामबागेला बिऱ्हाड केलं आणि बायकोच्या माहेरची, जतकडची डाळिंबाची बाग माझ्या गळ्यात पडली. डांबरी रस्ता संपला की बागेपर्यंत नुसते दगड, आणि मधे दोन ओढे. पाण्याचं नाव नाही, पण वाळू अशी की साधी गाडी पोटावर बसते. म्हणून ही जुनी फोर बाय फोर घेतली. आठवड्याला दोन खेपा ठरलेल्या.

दोस्त जतच्याच अंगाचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, घरात कानडी बोलणारा. आम्ही एकाच युनिटात होतो. गाडी मी चालवायची आणि ती त्यानं दुरुस्त करायची. मी त्याला फिटर म्हणतो, तो मला हवालदार म्हणतो, नावानं हाक मारल्याचं दोघांनाही आठवत नाही. सुटल्यावर त्यानं विश्रामबागेच्या कडेला गॅरेज काढलं. नट आवळताना पान्याचे फेरे कानडीत मोजायची त्याची खोड आहे. ओंदु, एरडु, मूरु, असं गाडीखालून ऐकू यायचं.

वर पहाडात असताना एकदा माझ्या चालत्या गाडीचं पुढचं चाक निखळलं. आदल्या दिवशी ते फिटरनं बसवलं होतं. गाडी डोंगराच्या अंगाला आदळली म्हणून वाचलो, दुसऱ्या अंगाला काय होतं ते सांगत नाही. माझं गळ्याचं हाड मोडलं. चौकशीत नट ढिला राहिल्याचं निघालं, त्याच्या कागदावर लाल शाईनं नोंद झाली आणि पुढची फीत त्याच्या बाहीवर कधी चढलीच नाही. इस्पितळात तो माझ्या खाटेशी येऊन बसला, पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि उठून गेला. मी राग धरला नाही, खरंच नाही धरला. पण तेव्हापासून माझ्या गाडीचा कुठलाही नट असो, शेवटचा पाना माझा. तो सगळं बसवणार, नट हातानं फिरवून ठेवणार, मग पाना माझ्या हातात देऊन बाजूला सरणार. मी अंगातला सगळा जोर काढून आवळणार. हे असं कधी ठरलं नाही, पण सांगलीत आल्यावरही तसंच चालू राहिलं.

बुशचा पहिला सेट चार महिन्यांत फाटला. फिटर म्हणाला, "लय दगडात घालतोस रं गाडी." मी म्हणालो, "मग काय डोक्यावर घेऊन जाऊ?" दुसरा सेट त्यानं दुसऱ्या दुकानातून आणला, चांगला वजनदार होता. तोही गेला, तेवढ्याच दिवसांत. गाडी जॅकवर चढवून त्यानं बुश काढून दाखवला. रबर एका बाजूनं पीळ देऊन फाडल्यासारखं दिसत होतं. तो त्या बुशकडं बघत राहिला आणि मग माझ्याकडं. मला वाटलं, खोटा माल टाकताना सापडला गडी.

त्या आठवड्यात मी कॅन्टीनला गेलो. माजी सैनिकांची रांग म्हणजे काय, साबण आणि बिस्किटं मिळेपर्यंत तास-दोन तास तोंडाला दुसरं काम नसतं. कुणीतरी गाडीचं विचारलं आणि मी सुटलोच. म्हणालो, "फिटर आता पयल्यासारखा ऱ्हायला न्हाई. डुप्लिकेट माल टाकतोय आन् ओरिजिनल म्हणून सांगतोय." रांगेत जीप बाळगणारे पाच-सहा जण तरी होते. सगळे फिटरचीच गिऱ्हाइकं. माणसं मान हलवत ऐकत होती, आणि कशाला खोटं बोलू, मला बरं वाटत होतं.

फिटर विचारायला आला नाही. मीही गेलो नाही. गॅरेजवरून जाताना बाहेर उभ्या गाड्या कमी कमी दिसत गेल्या तसा मी दुसऱ्या रस्त्यानं जायला लागलो. बायको एकदा म्हणाली, "तुमच्या तोंडाला कुणी आवर घालंल का?" मी तिच्यावरच डाफरलो. तिसरा सेट मी मिरज रस्त्यावरच्या दुसऱ्या गॅरेजात बसवला. शेवटचा पाना तिथंही मीच मारला. तो तर तीन महिन्यांतच गेला. माणूस वेगळा, माल वेगळा आणि फाटायची तऱ्हा तीच. तेव्हा तरी डोकं चालायला हवं होतं. मी आपला म्हणालो, हल्ली मालच तसला येतो, आणि गाडी तशीच दामटत राहिलो.

परवा धाकटीला पुण्याला सोडून बायकोसह परतत होतो. शिरवळ यायच्या आधीच डावं चाक ठोके द्यायला लागलं. पुढं खंबाटकीचा घाट होता, तशा गाडीनं चढायची हिंमत झाली नाही. हायवेला लागून एक गॅरेज दिसलं तिथं गाडी घातली. मालक तिशीतला असेल. त्यानं डाव्या बाजूचा बुश कुठून तरी मिळवला, बसवला, नट हातानं लावला. मी सवयीनं पुढं झालो, पाना उचलला आणि नटाला लावला. त्यानं माझं मनगट धरलं.

"काका, थांबा. गाडी खाली येऊ द्या आधी."

"का?"

"आवं, आत्ता चाक लोंबकळतंय. आत्ता आवळलं तर रबर ह्याच बैठकीत जाम हुतं. गाडी चाकावर उभी ऱ्हायली की ह्यो लोखंडी हात वर सरकतो आन् रबराला पीळ बसतो. गाडी उभी आसली तरी पीळ हायच. मान वाकडी करून झोपल्यावर सकाळी कसं हुतं तुमचं? हे रबर रोजच तसं झोपतंय." मग त्यानं जुना बुश हातात फिरवून बघितला. "कुणी बसवला हुता ह्यो?"

"आवळला मीच," मी म्हणालो.

आणि तेव्हा मला आठवलं. दुसऱ्या सेटच्या वेळी फिटर पाना हातात धरून म्हणाला होता, "हवालदार, गाडी खाली उतरू दे, मग आवळू." मी काय म्हणालो तेही आठवलं, शब्दन् शब्द. म्हणालो होतो, "एकदा ढिला ऱ्हायला तेवढं बास झालं गड्या." त्यानं पाना माझ्या हातात दिला होता आणि बाजूला सरला होता. शिरवळच्या त्या गॅरेजात मी खुर्ची मागून घेतली आणि बसलो. बायकोनं पाण्याची बाटली पुढं केली.

उजव्या बाजूचा बुश तिथं मिळाला नाही. सांगलीत करून घ्या, म्हणाला. घाट चढलो, साताऱ्यावरून आलो, गावाच्या फाट्याकडं बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फिटरच्या दारात गाडी उभी केली. आत एक स्कूटर खोललेली होती आणि मागं चारचाकीचे जॅक पोत्याखाली झाकून ठेवलेले होते. फिटर वाळला होता, का मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

"उजवा बुश बदलायचा हाय," मी म्हणालो.

"मिरज रोडला जात हुतास न्हवं?"

"चूक माझी हुती. जॅकवरच आवळत हुतो मी. तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोललो हुतो की एकदा."

"एकदाच? मी तुला कॅन्टीनात चोर केलं, तवा तरी यायचंस, चार शिव्या घालायच्यास."

तो चिंधीनं हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते. "माझ्या ढिल्या नटानं तुझं हाड मोडलं," तो म्हणाला. "तुला कुठल्या तोंडानं सांगू, का घट्ट आवळू नगंस म्हणून?"

मला लाज वाटली, एवढंच खरं. राग धरला नाही म्हणून इतकी वर्षं मी स्वतःला मोठा समजत होतो, आणि दर वेळी त्याच्या हातातून पाना काढून घेत होतो. पुढच्या आठवड्यात कॅन्टीनच्या रांगेत उभं राहून सांगणार आहे, असं काहीतरी मी बोललो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता, आल्या तर येतील गाड्या," आणि पोती बाजूला करून जॅक ओढत आणला. एवढ्या कामात त्याला दम लागला.

बुश त्यानं बसवला. नट हातानं लावला, जॅक उतरवला, गाडी चाकांवर टेकली. मग पुठ्ठा अंथरून पाठीवर आडवा होत तो गाडीखाली सरकला, आणि थोड्या वेळानं गाडीखालून त्याचा हात बाहेर आला. हातात पाना होता, मूठ माझ्याकडं करून धरलेला.

"तूच आवळ," मी म्हणालो.

हात तसाच राहिला. त्याला ऐकू आलं नसेल म्हणून मी वाकून पुन्हा म्हणालो, "फिटर, तूच आवळ. मी बसतोय गाडीत." दार उघडून मी सीटवर जाऊन बसलो. मग पायाखालून लोखंडाला लोखंड लागल्याचा आवाज आला, आणि तो मोजायला लागला, ओंदु, एरडु.